स्टेट अ‍ॅटर्नी जनरलच्या ऑफिसची ग्राहक तक्रार सेवा: ५ पैकी ४ स्टार

आधी निकाल सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. पैसे मिळाले. २,३८९ डॉलर, दोन चेक मिळून, तक्रार टाकल्यापासून अकरा आठवड्यांनी, आणि वकिलाची फी, फॉर्मची फी, कसलीच फी नाही. हे काम करून दिलं आमच्या मिडवेस्टमधल्या राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ऑफिसातल्या ग्राहक विभागाने. अमेरिकेत येऊन मला चौदा वर्षं झाली आणि ही सोय आपल्यासाठी आहे हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, नंतर ओळखीतल्या ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनाही माहीत नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

प्रकरण काय होतं ते सांगते. जुलै २०२३ मध्ये आम्ही एका डीलरकडून सेकंडहँड मिनीव्हॅन घेतली. डीलरचं नाव लिहीत नाही, प्रकरण मिटलंय. गाडीची किंमत ठरली, मुलं कंटाळून किरकिर करायला लागली, आणि मग आम्हाला त्या आतल्या छोट्या खोलीत नेलं. ज्यांनी इथे गाडी घेतलीय त्यांना ती खोली माहितीय. फायनान्सवाला खूप गोड बोलत होता, त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि त्यावर एकूण रक्कम कुठेच नाही, फक्त महिन्याचा हप्ता, "महिन्याला साठ डॉलर जास्त पडतील, पण पाच वर्षं इंजिनाची चिंता नको." त्या साठ डॉलरच्या पोटात दोन गोष्टी होत्या. एक २,६९० डॉलरचं सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट, ज्याला सगळे एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणतात, आणि दुसरं ८९५ डॉलरचं गॅप, म्हणजे अपघातात गाडी टोटल, म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेली आणि इन्शुरन्सकडून लोनपेक्षा कमी पैसे आले तर मधला फरक भरून देणारं. रात्रीचे साडेआठ वाजले होते, धाकटी माझ्या मांडीवर झोपली होती, आम्ही सह्या केल्या.

मार्च २०२५ मध्ये आम्ही लोन पूर्ण फेडून टाकलं. लोनच संपलं तर गॅप कशाला ठेवायचं, आणि सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टचाही वीस महिन्यात एकदाही उपयोग झाला नव्हता, तर म्हटलं दोन्ही कॅन्सल करू. दोन्ही कागदांवर स्वच्छ लिहिलं होतं की कधीही कॅन्सल करा, उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील, फक्त कॉन्ट्रॅक्टमधून ५० डॉलर कापणार. मी वहीत हिशोब मांडला. कॉन्ट्रॅक्ट ६० महिन्यांचं, ४० उरले, म्हणजे १,७९३, त्यातून ५० गेले की १,७४३. गॅप ७२ महिन्यांचं, ५२ उरले, म्हणजे ६४६. एकूण २,३८९. ही वही पुढे फार कामाला आली.

कॅन्सल करायचा फॉर्म, गाडी किती मैल चाललीय त्याचा फोटो, लोन फिटल्याचं बँकेचं पत्र, सगळं सर्टिफाइड मेलने पाठवलं आणि मिळाल्याच्या सहीचं ते हिरवं कार्ड परत आलं. डीलर म्हणाला आठ ते दहा आठवडे लागतील. दहा झाले, बारा झाले. फोन केला की "ते बघणारा माणूस सोडून गेला", पुढच्या वेळी "अकाउंटिंगला पाठवलंय", मग "वॉरंटी कंपनीकडून पैसे आले नाहीत अजून". म्हणून मी वॉरंटी कंपनीलाच फोन केला तर त्यांनी सांगितलं की आमचा हिस्सा आम्ही मे महिन्यातच डीलरला दिलाय, आणि तसं पत्रही ईमेल केलं. म्हणजे माझे पैसे डीलरकडे येऊन पडले होते आणि मला सांगत होते आलेच नाहीत. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही, पैशापेक्षा त्या गोड बोलण्याचा राग जास्त होता.

वकील बघितला तर त्याचं म्हणणं एवढ्या रकमेसाठी माझी फीच जास्त होईल. स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या भांडणांच्या कोर्टात, जायचं मनात होतं. तेवढ्यात मंडळाच्या कार्यक्रमात एक काका भेटले, तीस वर्षं इथे आहेत, त्यांना सांगितलं तर ते पटकन म्हणाले, "अगं, एजीकडे टाक ना." मला वाटलं ते कुठल्या कंपनीचं नाव सांगतायत. मग त्यांनी समजावलं की एजी म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल, राज्याचा, वॉशिंग्टनमधला नव्हे.

हा फरक इथेच सांगते, कारण आपला गोंधळ इथेच होतो. भारतात अ‍ॅटर्नी जनरल म्हणजे केंद्र सरकारचा सगळ्यात मोठा वकील, राज्यात महाधिवक्ता, दोन्ही नेमलेली पदं, आपला आयुष्यात कधी त्यांच्याशी संबंध येत नाही. इथेही केंद्राचा अ‍ॅटर्नी जनरल राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सेनेट मंजुरी देते. पण राज्याचा एजी त्याच्या हाताखालचा माणूस नाही. तो राज्याचा वकील, राज्यावर केस झाली तर कोर्टात उभा राहणारा, सरकारी खात्यांना कायद्याचा सल्ला देणारा, धर्मादाय संस्थांवर लक्ष ठेवणारा, आणि बहुतेक राज्यांत ग्राहकांची फसवणूक करणाऱ्यांवर केस करणाराही तोच. आणि ५० पैकी ४३ राज्यांत लोक त्याला थेट मत देऊन निवडतात. अलास्का, हवाई, न्यू हॅम्पशायर, न्यू जर्सी आणि वायोमिंगमध्ये गव्हर्नर नेमतो, मेनमध्ये विधिमंडळ गुप्त मतदानाने निवडतं, आणि टेनेसीमध्ये चक्क राज्याचं सुप्रीम कोर्ट नेमतं, तेही आठ वर्षांसाठी. जर्सीत आपली किती माणसं आहेत, त्यांच्या मतपत्रिकेवर हे नाव कधी येतच नाही, त्यांच्यासाठी गव्हर्नरचं मत हेच एजीचं मत.

आता सेवा कशी आहे ते. तक्रार ऑनलाइन टाकता येते. फॉर्ममध्ये तुमचं नाव पत्ता, दुकानाचं नाव पत्ता, काय घेतलं, कधी घेतलं, किती पैसे, आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, तुम्हाला नेमकं काय हवंय. मी पहिल्यांदा लिहिताना दोन पानं भावना लिहिल्या होत्या, यांनी वाचून म्हटलं की तारखा लिही फक्त. मग बारा ओळींत तारखा लिहिल्या, शेवटी "२,३८९ डॉलर परत हवेत" आणि वहीतला हिशोब, सोबत कॉन्ट्रॅक्ट, हिरवं कार्ड, वॉरंटी कंपनीचं पत्र, सगळ्याच्या पीडीएफ. सोशल सिक्युरिटी नंबर कुठेही मागितला नाही आणि तुम्हीही कागदांवर असेल तर काळा करून टाका, कारण बऱ्याच राज्यांत ही तक्रार सार्वजनिक रेकॉर्ड होते, कोणी मागितली तर द्यावी लागते.

आणि एक गोष्ट ठळक सांगायची आहे. आमच्या फॉर्मवर इमिग्रेशन स्टेटसचा प्रश्न नव्हता. तुम्ही एच-वनवर आहात, एच-फोरवर आहात, विद्यार्थी आहात, काहीही असा, दुकानदाराने फसवलं तर तक्रार करता येते. आपल्यातले कितीतरी लोक "नको बाबा सरकारी भानगड, व्हिसाला काही झालं तर" म्हणून गप्प बसतात आणि डिपॉझिट, जिमचे पैसे, गाडीचे पैसे सोडून देतात. फसवणाऱ्यांनाही हे नीट माहीत असतं.

ऑगस्ट २०२५ च्या मध्यावर तक्रार टाकली. दोन दिवसांत ईमेल आलं, केस नंबरसकट. साधारण नऊ दिवसांनी घरी पत्र आलं, ते मी अजून जपून ठेवलंय. वर मधोमध राज्याची मुद्रा, त्याखाली मोठ्या अक्षरात निवडून आलेल्या एजीचं नाव, आणि खाली सही मात्र केस बघणाऱ्या बाईंची. तुमची तक्रार डीलरला पाठवली आहे आणि उत्तर द्यायला २१ दिवस दिले आहेत, एवढाच मजकूर. डीलरला गेलेल्या पत्राची प्रतही सोबत होती. ते पत्र धमकीचं नव्हतं, अगदी सभ्य भाषा, "सोबतच्या तक्रारीवर आपलं लेखी म्हणणं कळवावं". पण पाच महिने मी फोन करत होते तेव्हा जो माणूस लाइनवर येत नव्हता, त्याचं सही केलेलं दोन पानी उत्तर विसाव्या दिवशी आलं.

उत्तरात काय, तर "ग्राहकाचा कॅन्सलेशनचा फॉर्म आम्हाला मिळालाच नाही." मी हिरव्या कार्डावरच्या सहीला गोल करून परत पाठवलं. मग फोनवर त्या बाईंशी बोलले. आवाजावरून वयस्कर वाटल्या, शांत बोलणं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, कार्डावर सही कोणाची आहे ती वाचता येतेय का, मी म्हटलं हो, पूर्ण नाव आहे, त्या म्हणाल्या मग तेवढंच लिहा, बाकी काही नको. पुढच्या आठवड्यात पहिला चेक आला, १,७४३ चा. गॅपचे ६४६ त्यात नव्हते, आणि डीलरने त्यांना कळवलंही होतं की प्रकरण संपलं! मी बाईंना ईमेल केलं, त्यांनी केस बंद केली नाही, दुसरं पत्र पाठवलं, आणि ऑक्टोबर संपता संपता ६४६ चा चेकही आला. तो चेक हातात घेतल्यावर मी खरंच रडले. वहीतल्या आकड्यांवर टिक केली.

आता या सेवेत काय नाही ते पण लिहिते, नाहीतर कोणीतरी नको ती अपेक्षा ठेवून जाईल. एजी तुमचा वकील नाही. हे पत्रात शेवटच्या परिच्छेदात छापलेलं असतं पण ते पहिल्या ओळीत असायला हवं. तो राज्यातल्या सगळ्या लोकांच्या वतीने काम करतो, तुमच्या एकट्याच्या वतीने कोर्टात उभा राहणार नाही. ऑफिस मध्यस्थी करतं, दुकानाने उत्तरच दिलं नाही तर एकट्या तक्रारीवर ते जबरदस्ती करू शकत नाहीत, ती फाइलला लागते. पण त्या फाइलला किंमत असते. एकाच दुकानाविरुद्ध, एकाच पद्धतीच्या बऱ्याच तक्रारी साचल्या की मग चौकशी होते, कागदपत्रं मागवली जातात, आणि केस राज्याच्या नावाने उभी राहते. म्हणून पैसे परत मिळून गेले असतील तरी तक्रार टाका असं मला त्या बाईंनी सांगितलं.

आणि स्मॉल क्लेम्सची मुदत तुम्ही इथे तक्रार टाकली म्हणून थांबत नाही, ती तिकडे चालूच असते. आमचं प्रकरण ताजं होतं म्हणून निभावलं. कोणाचं दोन तीन वर्षं जुनं असेल तर आधी मुदत बघा. घरमालकाच्या भानगडी काही राज्यांत एजी घेतो, काही ठिकाणी दुसरीकडे पाठवतो. विस्कॉन्सिनमध्ये तर ग्राहकांच्या तक्रारी मुख्यतः शेती आणि व्यापार खात्याकडे जातात, ऐकून विचित्र वाटेल पण तिथे तसंच आहे. आधी आपल्या राज्याचं बघून घ्या.

एक स्टार कुठे कापला? फोनवर पहिल्यांदा ५० मिनिटं होल्डवर होते. ऑनलाइन फॉर्म अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतो आणि लिहिलेलं सगळं जातं, माझं एकदा गेलं, म्हणून आधी दुसरीकडे लिहून मग तिथे चिकटवा. मधले तीन आठवडे काही कळत नाही, डीलरने उत्तर दिलं की नाही हे बघायला साधं पान पण नाही. आणि फॉर्म फक्त इंग्लिश आणि स्पॅनिशमध्ये. माझ्या सासूबाई इथे असताना त्यांना फोनवरून कोणीतरी फसवायचा प्रयत्न केला होता, त्या हा फॉर्म स्वतः कधीच भरू शकल्या नसत्या. यातली एकही गोष्ट त्या बाईंच्या हातातली नाही, ती किती माणसं आणि किती पैसे त्या विभागाला दिलेत याची गोष्ट आहे, आणि ते कोण ठरवतं तिथे मला यायचंय.

मी नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिल्यांदा मत दिलं. नागरिकत्व नवीन होतं, साडी नेसून गेले होते मतदानाला, यांनी बाहेर फोटो काढला. गव्हर्नरला मत दिलं, काँग्रेसला दिलं, आणि त्याच्या खाली अ‍ॅटर्नी जनरलची ओळ होती, दोन्ही नावं अनोळखी, हे पद काय करतं ते माहीत नाही, तर उगाच चुकीचं कशाला म्हणून ती ओळ मी रिकामी सोडली. त्या वर्षी ३० राज्यांत एजीची निवडणूक होती. तीन वर्षांनी ज्या पत्राने माझे पैसे परत आणले त्या पत्राच्या डोक्यावर त्याच ओळीतलं एक नाव होतं. हे मला पत्र हातात धरल्यावर लक्षात आलं आणि फार लागलं.

त्यानंतर मी या निवडणुकीबद्दल बरंच वाचलं. बहुतेक राज्यांत मुदत चार वर्षांची, व्हरमाँटमध्ये दोनच. बहुतेक ठिकाणी आधी प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक होते मग नोव्हेंबरात मुख्य निवडणूक, पण मिशिगन आणि इंडियानामध्ये पक्षाचा उमेदवार प्रायमरीत नाही, पक्षाच्या अधिवेशनात ठरतो, म्हणजे सामान्य मतदाराला शेवटचीच फेरी मिळते. दोन्ही पक्षांच्या एजींच्या आपापल्या देशपातळीवरच्या संघटना आहेत, रिपब्लिकनांची १९९९ पासून, डेमोक्रॅटांची २००२ पासून, आणि त्या राज्याराज्यात जाहिरातींवर पैसा ओततात. आणि जाहिराती कशाच्या, तर गुन्हेगारी, ड्रग्ज, बेड्या, निळे लाल दिवे. प्रत्यक्षात रस्त्यावरच्या बहुतेक गुन्ह्यांच्या केस काउंटीचे वकील चालवतात, एजीकडे त्यातल्या थोड्याच येतात (डेलावेअर, ऱ्होड आयलंड, अलास्कासारखी मोजकी राज्यं सोडून). माझी केस ज्या टेबलावर गेली त्या टेबलाबद्दल एकाही जाहिरातीत एक शब्द मी ऐकलेला नाही.

हे पद पायरी म्हणूनही वापरलं जातं, हे खरंय. बिल क्लिंटन आधी आर्कान्सॉचे एजी होते, मग गव्हर्नर. कमला हॅरिस कॅलिफोर्नियाच्या एजी होत्या, २०१० ची ती निवडणूक इतकी घासून झाली की निकाल लागायला आठवडे गेले, एक टक्क्याहूनही कमी फरक. जॉश शपिरो पेन्सिल्व्हेनियाचे एजी होते, आता तिथले गव्हर्नर. त्याच पेन्सिल्व्हेनियात एजी पद १९८० पासून निवडणुकीने भरायला लागले, आणि तिथेच २०१२ मध्ये निवडून आलेल्या कॅथलीन केन यांना खोटी साक्ष दिल्याबद्दल २०१६ मध्ये दोषी ठरवलं गेलं आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे निवडून आलेला माणूस चांगलाच असेल असं काही नाही. नेमलेला जास्त चांगला का, तर तेही मला पटत नाही, गव्हर्नरने नेमलेला एजी गव्हर्नरच्या खात्याविरुद्ध किती ठाम उभा राहील? माझं मत निवडणुकीच्या बाजूने आहे, पण निवडणूक तेव्हाच कामाची जेव्हा मत देणाऱ्याला त्या टेबलाचा पत्ता असतो.

मोठी कामं बघितली तर हे पद काय करू शकतं ते कळतं. १९९४ मध्ये मिसिसिपीचे एजी माइक मूर यांनी तंबाखू कंपन्यांवर केस केली, मुद्दा असा की सिगारेटमुळे आजारी पडलेल्या गरीब लोकांच्या उपचाराचा खर्च राज्य भरतंय तर तो तुम्ही भरा. सुरुवातीला त्यांना वेड्यात काढलं होतं. १९९८ मध्ये ४६ राज्यांनी मिळून तंबाखू कंपन्यांशी करार केला, २५ वर्षांत साधारण २०६ अब्ज डॉलर, आणि सिगारेटचे रस्त्यावरचे मोठे बोर्ड, लहान मुलांना भुलवणारी कार्टून, सगळं बंद. २०१२ मध्ये घरांवर चुकीच्या कागदांनी जप्ती आणणाऱ्या पाच मोठ्या बँकांकडून ४९ राज्यांनी आणि केंद्राने मिळून २५ अब्जांचा करार करून घेतला. वेदनाशामक ओपिऑइड गोळ्यांच्या प्रकरणात २०२१ मध्ये २६ अब्जांचा. २०२२ मध्ये टर्बोटॅक्सच्या कंपनीने फुकट टॅक्स भरू शकणाऱ्या लोकांकडून पैसे घेतल्याबद्दल १४.१ कोटी डॉलर परत करायचं मान्य केलं, त्यात पन्नासही राज्यं होती, रिपब्लिकन डेमोक्रॅट सगळी. यातल्या बऱ्याच गोष्टींची सुरुवात साध्या तक्रारींतून, बातमीतून होते, म्हणजे माझ्यासारख्या कोणाच्या तरी बारा ओळी.

आणि आपल्या लोकांच्या अगदी जवळची गोष्ट. २० जानेवारी २०२५ ला जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर मर्यादा घालणारा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा जो आदेश निघाला, त्यात आई वडील दोघेही तात्पुरत्या व्हिसावर असतील तर इथे जन्मलेलं बाळही सापडत होतं, म्हणजे एच-वन आणि एच-फोरवरचं कुठलंही जोडपं. आमच्या ओळखीत तेव्हा एक जण सातव्या महिन्यात होती, तिचे ते दिवस आम्ही बघितलेत. त्या आदेशाविरुद्ध लगेच कोर्टात कोण गेलं, तर २२ राज्यांचे एजी. सिएटलच्या कोर्टाने तीन दिवसांत तात्पुरती स्थगिती दिली. इतर बऱ्याच राज्यांच्या एजींनी उलट आदेशाच्या बाजूने कोर्टात लेखी म्हणणं दिलं. तुम्हाला यातली कुठली बाजू बरोबर वाटते ते तुमचं तुम्ही ठरवा, पण तुमच्या राज्याचं नाव त्या यादीत होतं की नव्हतं हे बहुतेक ठिकाणी त्या एका ओळीतल्या मताने ठरलं होतं.

अशा केसमुळे एक गोष्ट मात्र मला खुपते, दोन्ही पक्षांबद्दल. वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्या पक्षाचं सरकार आलं की राज्याराज्यांचे एजी एकामागून एक केस लावतात, टीव्हीवर येतात, पत्रकार परिषदा होतात. त्यातल्या काही खरंच लोकांच्या कामाच्या असतात. पण तोच वेळ आणि तेच वकील फोनवर ५० मिनिटं थांबलेल्या माणसासाठीही लागतात, आणि त्याची बातमी होत नाही.

आता ३ नोव्हेंबर २०२६ ला आमच्याकडे परत एजीची निवडणूक आहे. या वेळी मी दोन्ही बाजूंच्या प्रचार ऑफिसांना एकच ईमेल पाठवलंय, दोघांना अक्षरशः तेच शब्द: ग्राहक विभागात सध्या किती माणसं तक्रारी बघतात, तुम्ही आलात तर किती ठेवाल, फॉर्म अजून कुठल्या भाषांत आणाल, आणि दुकानाने उत्तर दिलं नाही तर पुढे काय करणार. एकाकडून उत्तर आलं, माणसांच्या आकड्याचं नाही, पण भाषांबद्दल दोन नीट परिच्छेद. दुसऱ्याकडून फक्त देणगीची विनंती आली. मी परत लिहिलंय, या वेळी केस नंबर टाकून आणि हिरव्या कार्डाचा फोटो जोडून. दोघांची पूर्ण उत्तरं आली की जशीच्या तशी देईन.

तोवर ज्यांचे गाडीचे कॅन्सलेशनचे पैसे अडकलेत त्यांनी एवढं करा: वॉरंटी कंपनीला स्वतः फोन करून विचारा की तुमचा हिस्सा डीलरला कोणत्या तारखेला दिला, आणि ते लेखी मागा. आमच्या केसमध्ये सगळी किल्ली त्या एका पत्रात होती.